ठरलं न्हाय, म्हणून सांगतो

"सांगून ठेवतो," असं म्हणून बाई डावा हात वर करायच्या, शाळेत हजेरी देताना पोरं करतात तसा. मग जे सांगायचं असेल ते सांगायच्या. 'ठेवतो' हे मी चुकून लिहिलेलं नाही. आमच्या कोल्हापूरकडच्या बायका 'येतो, जातो, करतो' असंच बोलतात, आणि बाई तर मुरगूडच्या. त्यात आवाज भरडा. पुण्याहून बदलून आलेल्या साहेबांना पहिल्याच आठवड्यात बाईंनी फोन केला, "मी उद्या रजेवर राहतो, सांगून ठेवतो." साहेबांना वाटलं, बाईंच्या घरातलं कुणी पुरुषमाणूस बोलतंय. "त्यांना स्वतः बोलायला सांगा," म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

आमचं ऑफिस वजनमापाचं. वाण्याच्या तराजूपासून साखर कारखान्याच्या काट्यापर्यंत सगळं तपासायचं आणि बरोबर असेल तर शिक्का मारायचा. बाई आणि मी दोघेही निरीक्षक, एकाच खोलीत समोरासमोर बसणारे. त्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, पण नोकरीत उशिरा आलेल्या. नवरा लवकर गेला. एक मुलगी होती, तिला वाढवता वाढवता त्यांनी अभ्यास केला, परीक्षा दिली आणि निरीक्षक झाल्या. उशिरा लागल्यामुळे जुनी पेन्शन त्यांना नव्हती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे म्हणून आत्ताच सांगतो. बघा, बाईंची सवय मलाही लागली.

सांगून ठेवण्याला त्यांच्याकडे धरबंध नव्हता. डबा उघडला की, "सांगून ठेवतो, आज भाजीत मीठ कमी हाय." स्कूटरवर मागे बसवलं की, "सांगून ठेवतो, फुडचा ब्रेक लागत न्हाय." हे गाडी उतारावर लागल्यावर सांगायच्या, हा भाग वेगळा. एकदा लक्ष्मीपुरीत एका दुकानाचा तराजू तपासायला आम्ही दोघे गेलो. बाईंनी दारातच हात वर केला. "सांगून ठेवतो, मागल्या महिन्यात मी तुमच्याकडनं शेंगदाणं नेलं हुतं. ओळख धरू नका."

दुकानदार घाबरला. "मॅडम, खवट निघाले काय?"

"न्हाय, चांगलं हुतं."

"मग?"

"मग काय न्हाय. तराजू काढा."

तो माणूस तपासणी संपेपर्यंत माझ्याकडे बघत होता. शेंगदाण्याचं काय झालं, हे मी त्याला खुणेने तरी सांगावं अशी त्याची अपेक्षा होती. मला तरी कुठे माहीत होतं?

मुलीला बघायला कबनूरची माणसं आली, तेव्हा पोहे पुढे करताना बाई म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. पर सकाळी चा झाल्याशिवाय बोलत न्हाय, आणि बोलली तर भांडती. सांगून ठेवतो." मुलगी आत रडायला लागली. मुलाची आई मात्र खो खो हसली. "आमच्या घरात रातध्याड मागाचा आवाज असतोय. ती भांडली तरी ऐकू कुणाला येणार?" लग्न ठरलं. जावई पॉवरलूमवाला, घराच्या खालच्या मजल्यावर माग आणि वर संसार.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती कुणाचं काही बिघडवत नाहीत, पण त्यांच्या शेजारी बसलं की आपण काहीतरी लपवतोय असं उगीच वाटायला लागतं.

बाईंची निवृत्ती वर्षा-दीड वर्षावर आली होती, तेव्हाची गोष्ट. नदीपलीकडच्या एका खाजगी साखर कारखान्याचा काटा दर हंगामाआधी बाई तपासायच्या. ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या जिथे भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोनदा तोलतात, तो मोठा जमिनीतला काटा. बाईंना त्याचं फार प्रेम. "दुकानातला तराजू काय, हातात घेतला की कळला," त्या म्हणायच्या. "ह्याच्यावर आधी आपण उभं राह्यचं. खालनं हलतंय ते पायाला कळतंय." पदर खोचून, चपला काढून त्या खरंच त्या लोखंडी पत्र्यावर मधोमध उभ्या राहायच्या, डोळे मिटून. कारखान्याचे ड्रायव्हर लांबून नमस्कार करायचे.

त्या वर्षी तपासणी झाल्यावर कारखान्याच्या एमडींनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, रिटायर झाल्यावर आमच्याकडे या. काटा विभाग तुम्ही सांभाळा."

बाई चहा प्यायल्या आणि परत आल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, एक घोटाळा झालाय."

मला वाटलं, काट्यात फरक निघाला. त्यांनी नोकरीचं सांगितलं. मी अभिनंदन केलं. त्या चिडल्या. "अभिनंदन काय करताय? मी अजून त्येंचा शिक्का मारणारी बाई हाय की."

"मग नाही म्हणायचं होतं."

"पर मला पाहिजे असली तर?" हे म्हणताना त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "रिटायर झाल्यावर घरात एकटं बसून काय करू? पोरगी कबनूरला. जुनी पेन्शन बी न्हाय. आणि मला काटा आवडतोय ओ."

महिन्याच्या बैठकीत साहेबांनी फाइल मिटत विचारलं, "आणखी कुणाला काही?" बाईंचा डावा हात वर गेला.

"सांगून ठेवतो साहेब. मला कारखान्यानं नोकरी विचारलीया."

"बरं. तुम्ही काय म्हणालात?"

"काय न्हाय म्हणालो."

"नाही म्हणालात?"

"न्हाय न्हाय. काहीच म्हणालो न्हाय."

"म्हणजे नाकारली नाहीत."

"न्हाय."

"म्हणजे स्वीकारलीत?"

"न्हाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"मग तुम्ही नेमकं सांगताय काय?"

"ठरलं न्हाय, म्हणून सांगतो," बाई म्हणाल्या. "न्हाय म्हणालो असतो तर सांगायला काय उरलं नसतं. व्हय म्हणालो असतो तर राजीनामा दिला असता. आता मी मधी हाय. मधी असताना त्येंचा काटा माझ्याकडं नको."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी हेडक्लार्कला नियम बघायला सांगितलं. हेडक्लार्क आत जाऊन बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन आले. "नियम हाय सर. पण तो रिटायर झाल्यावरचा, आणि मोठ्या अधिकाऱ्यांचा. त्यांना काही काळ परवानगीशिवाय खाजगी नोकरी धरता येत न्हाय. नोकरीत असतानाच फुडच्या नोकरीची बोलणी निघाली तर आधी कुणाला सांगायचं, ते मला कुठं सापडलं न्हाय."

"म्हणजे सांगायची गरज नाही?"

"तसं बी लिहिलेलं सापडलं न्हाय."

"मी लिहून देतो," बाई म्हणाल्या.

"नका," साहेब घाईने म्हणाले. "तुम्ही लिहिलंत की त्यावर मला काहीतरी लिहावं लागेल, आणि काय लिहायचं ते मला माहीत नाही. तो कारखाना मी यांच्याकडे देतो." हे 'यांच्याकडे' म्हणजे माझ्याकडे. "झालं?"

"झालं. बाकीच्यांना मी तोंडी सांगतो."

"बाकीचे कोण?"

"ज्येंचा संबंध येतोय ते."

आता काट्याशी ज्यांचा संबंध येतो अशी माणसं आमच्या जिल्ह्यात किती, याचा विचार साहेबांनी त्या वेळी केला नाही. मीही केला नाही. बाई मात्र निघाल्या. काटे दुरुस्त करणाऱ्यांना सांगितलं, गुळाच्या व्यापाऱ्यांना सांगितलं, शेतकरी संघटनेच्या ऑफिसात स्वतः जाऊन सांगून आल्या. ऑफिसखालच्या चहावाल्यालाही सांगितलं. त्याचा काय संबंध, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "त्येच्याकडं सगळी बसत्यात."

पंधरवड्यात तीन मतं तयार झाली. हेडक्लार्क म्हणत, मॅडम पगार वाढवून घ्यायला बघत्यात. चार ठिकाणी बोलबाला झाला की कारखान्याला माघार घेता यायची नाही. चहावाला म्हणायचा, बाई साधी आहे, तिला कुणीतरी फसवतंय. तिसरं मत आमच्या जुन्या साहेबांचं. ते निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात मोठे काटे विकणाऱ्या एका कंपनीत बसले. त्या कंपनीचे काटे त्यांनी नोकरीत असताना पास केलेले. त्यात वावगं काही आहे, असं तोवर आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. नव्या ऑफिसच्या पूजेला आम्ही सगळे गेलो होतो, पेढे खाल्ले होते. आता त्यांचा बाईंना फोन आला. आवाज इतका चढलेला की समोरच्या टेबलावर मला ऐकू येत होता.

"माझ्यावर बोट दाखवायला निघाला काय तुम्ही?"

"तुमचा विषयच न्हाय साहेब. मी माझं सांगतोय."

"लोक मला विचारायला लागलेत! तुम्ही बोलला नसता तर कुणी विचारलं असतं?"

फोन बंद झाल्यावर बाई बराच वेळ तो हातात धरून बसल्या. "मी त्येंचं नाव बी घेतलं न्हवतं भाऊ. त्यास्नी का लागलं?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं, की कळूनही त्या मला विचारत होत्या? आजही मला ते सांगता येणार नाही. चेहरा बघून कळावं अशी बाईंची मुद्राच नव्हती.

मग हंगाम सुरू झाला आणि नेमकी त्याच कारखान्याच्या काट्याबद्दल ओरड उठली. बाहेर रस्त्यावरच्या काट्यावर ट्रॉली जास्त भरते, कारखान्यात कमी, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. आमच्या आवारात पन्नासेक माणसं आली. पुढे संघटनेचा एक तरुण कार्यकर्ता, गळ्यात उपरणं, हातात मोबाइल. बाई जिन्याने खाली आल्या. त्यांना बघून तो ओरडला, "ह्याच न्हवं का कारखान्यात नोकरीला जाणाऱ्या मॅडम?"

"व्हय, मला नोकरी विचारलीया," बाईंनी हात वर करून सांगितलं. "ठरलं न्हाय. म्हणून तर तो काटा मी बघत न्हाय. हे बघणार." आणि त्यांनी मला पुढे केलं.

गर्दी माझ्याकडे वळली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे ह्यो बी त्येंचाच!"

"त्येंचा न्हाय ओ," बाई म्हणाल्या. "ह्येंना कुणी विचारलेलं न्हाय."

लोक हसले. मला राग यावा की बरं वाटावं, ते त्या वेळी ठरवता आलं नाही. आपल्याला कुणी विचारत नाही, हे असं पन्नास माणसांत जाहीर झालेलं कुणाला आवडेल?

दोन दिवसांनी मी कारखान्यावर गेलो. बरोबर तपासणीची वजनं भरलेला ट्रक, तहसील कचेरीतला माणूस, पोलीस आणि ते सगळे शेतकरी. काट्याच्या चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली, मधोमध ठेवली, उतरवली, पुन्हा चढवली. उसाने भरलेली एक ट्रॉली सगळ्यांसमोर तोलली. काटा बरोबर होता. शिक्के जागेवर होते.

मी तसं मोठ्याने सांगितलं. मग तो तरुण पुढे आला. आज त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच मला तो जास्त लागला. "साहेब, कोण येणार ते कारखान्याला महिनाभर आधी ठाऊक. तुमच्या मॅडमच सगळीकडं सांगत हिंडल्या की. मग आज काटा बरोबरच असणार न्हवं का?"

काट्याखालचा खड्डा मी वाकून पाहिला होता. एरवी त्यात माती, उसाची पाचट, पाणी काय काय असतं. त्या दिवशी तो स्वच्छ धुतलेला होता. हंगामात खड्डा साफ ठेवावा असं आम्हीच कारखान्यांना सांगतो. म्हणजे ते आमचं ऐकत होते? की काही काढून टाकल्यावर धुतला होता? मला जे दिसलं ते मी अहवालात लिहिलं. खड्डा स्वच्छ होता, हेही लिहिलं. ते वाचून साहेबांनी विचारलं, "हे चांगलं म्हणून लिहिलंय की वाईट म्हणून?" मी म्हणालो, "दिसलं म्हणून."

आवारातला बाईंचा व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागला होता. त्यात "व्हय, मला नोकरी विचारलीया" एवढंच होतं. पुढचं कापलेलं. मी तो त्यांना दाखवला नाही, पण त्यांनी तो पाहिलाच. रविवारी त्या मुरगूडला गेल्या होत्या. सोमवारी आल्या आणि डबा न उघडता बसून राहिल्या.

"बाजारात कांदंवाला म्हणाला, मॅडम, तुमच्या कारखान्याचा दर किती? मी हसलो. तो चेष्टेनंच म्हणाला हुता. त्येच्या शेजारचा एकजण म्हणाला, ह्यांचं असंच."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी थांबवलं.

"'ह्यांचं' म्हंजे कुणाचं, ते मी इचारलं न्हाय. म्हायती असलेलं काय इचारायचं?"

बाईंचे वडील शाळामास्तर होते, धम्म घेतलेल्या घरातले पहिले शिकलेले. बाई त्यांच्याबद्दल फारसं बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "आप्पा म्हणायचे, आपल्याला कुणी काय म्हणायच्या आधी आपण सांगून मोकळं व्हायचं. दुसऱ्या कुणाच्या हातनं चूक झाली तर लोक त्या एकट्याचं नाव घेत्यात. आपल्यातल्या कुणाच्या हातनं झाली तर सगळ्यांचं घेत्यात. म्हणून मी आयुष्यभर सांगत आलो भाऊ. आणि सांगितल्यामुळंच सगळ्यांचं नाव घेतलं गेलं. आता ह्यातनं काय शिकायचं, मला खरंच कळंना."

मीठ कमी, ब्रेक नाही, शेंगदाणे नेले, या सगळ्याला मी इतकी वर्षं हसत होतो. त्या दिवशी हसण्यासारखं काही सापडलं नाही. डबा मीच उघडला. दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला आणि पुन्हा कामाला लागलो.

साहेबांनी बाईंना बाहेरच्या कामावरून काढून ऑफिसात बसवलं. शिक्षा म्हणून नव्हे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा बाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या साहेब, तुमचं बी अवघड झालंय." निवृत्तीपर्यंत त्या रिक्षाचे मीटर आणि पेट्रोल पंपांची कागदपत्रं बघत राहिल्या. मी अधूनमधून विचारायचो, "ठरलं काय?"

"अजून न्हाय," त्या म्हणायच्या.

आणि हे खरं होतं. लोकांना वाटायचं, एवढा बोभाटा झाल्यावर ही बाई आता तिकडे कशाला जाईल? मलाही तसंच वाटायचं. पण बाईंना ती नोकरी हवीच होती. फक्त ती कशी घ्यावी, हे त्यांना कळत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच ठरवलं, की वर्षभर थांबायचं. मोठ्या अधिकाऱ्यांना थांबावं लागतं ना, मग आपणही थांबू. हेडक्लार्क म्हणाले, "मॅडम, तुम्हाला तो नियम लागत न्हाय ओ." बाई म्हणाल्या, "मला कुठला लागतोय ते तुम्ही सांगा, मी तो पाळतो."

वर्ष झाल्यावर इस्त्रीची साडी नेसून बाई कारखान्यावर गेल्या. फाटकावर नवा वॉचमन होता. "कुणाला भेटायचं पावणं?" बाईंनी एमडींचं नाव सांगितलं. ते बदलून गेले होते. नव्या एमडींना बाई कोण ते माहीत नव्हतं, पण त्यांनी आत बोलावलं, चहा दिला. काटा विभागासाठी त्यांनी एक अनुभवी सल्लागार आधीच नेमले होते. आमचे जुने साहेब, काट्यांच्या कंपनीतली नोकरी सांभाळून.

हे बाईंनी मला हसत हसत सांगितलं. "चा चांगला हुता," म्हणाल्या. मी चिडलो. जुन्या साहेबांच्या नावाने चार शब्द बोललो. तर त्याही माझ्यावर चिडल्या. "त्येंनी काय केलं? जागा रिकामी हुती, ते बसले. त्यास्नी कुणी आडवलं न्हवतं. मला बी कुणी आडवलं न्हवतं."

काही दिवसांनी घर भाड्याने देऊन त्या कबनूरला मुलीकडे राहायला गेल्या. जावयाच्या कारखान्यात कापडाच्या घड्या मोजायच्या, नातवाला शाळेत सोडायच्या. फोनवर बोलणं व्हायचं, पण मागाच्या आवाजात निम्मं कळायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात जुने साहेब भेटले. ताट घेऊन माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "तुझी नोकरी किती राहिली? आमच्या कंपनीला माणूस लागणारच आहे. विचार कर." मी काय न्हाय म्हणालो. म्हणजे काहीच म्हणालो नाही. हातात ताट होतं, तोंडात घास होता.

त्या कंपनीचे काटे मी तपासतो. मुलाच्या शिक्षणाचं अजून बरंच व्हायचं आहे. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आत्तापासनं गावभर करू नका." दोन दिवस मी नीट झोपलो नाही आणि रविवारी गाडी काढून कबनूरला गेलो.

बाई दारातच घड्या मोजत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. खाली माग चालू, त्यामुळे मुलीने चहा वरच्या खोलीत दिला. तिथेही फरशी थरथरत होती. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. लग्न, ताट, कंपनी. बाई कानाजवळ हात धरून ऐकत होत्या.

"मी काय करू, सांगा," मी म्हणालो.

त्यांनी कप खाली ठेवला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मला विचारू नका भाऊ. मी सांगितलं, त्येनं काय झालं ते तुम्ही बघितलंसा. न्हाय सांगितल्यानं काय हुतंय, ते मला कुठं म्हायती हाय?"

मी निघालो. त्या मला सोडायला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आल्या. दोन्ही बाजूंना माग, सगळे एकदम चालू. कोपऱ्यावर त्या थांबल्या आणि बोलायला लागल्या. बरंच बोलल्या. एकदा माझ्या छातीकडे बोट केलं, एकदा स्वतःकडे. एकदा हसल्या. मला एक शब्द ऐकू आला नाही. "काय?" असं मी दोनदा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा विचारायचा संकोच वाटला. मी मान हलवली. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. माझ्या दंडावर थोपटून त्या मागे फिरल्या. फोन करून विचारू, असं म्हणत मी गाडीला किक मारली.

पुढच्या बैठकीत मी साहेबांना सांगितलं. आता साहेब दुसरे आहेत, तरुण आहेत. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं," म्हणाले, आणि पुढचा विषय घेतला. त्या कंपनीचे काटे अजून माझ्याकडेच आहेत. मी सांगितलं, ते नीट सांगितलं की नाही, हेच मला कळत नाही. तेच बाईंना विचारायचं होतं. आज करू, उद्या करू, असं करत फोन राहिला. दिवाळीच्या आधी त्यांच्या मुलीचा फोन आला. सकाळी नातवाला शाळेत सोडून आल्या, पायरीवर बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

मी पोचलो तेव्हा अंत्यविधी होऊन माणसं परतली होती. गल्लीतल्या सगळ्यांनी माग बंद ठेवले होते. त्या गल्लीत माझ्याच चपलांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मुलगी वरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मी समोर बसलो. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले.

"काका, त्या दिवशी कोपऱ्यावर आई तुम्हाला काय सांगत होती? मी खिडकीतनं बघत होतो. परत आली ती लई खुशीत होती. मी विचारलं तर म्हणाली, त्येंना सांगायचं ते सांगितलं."

"मला ऐकू आलं नाही गं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. पलीकडच्या घरात कुणीतरी सवयीने माग सुरू केला, चार-दोन ठोके पडले, आणि लगेच तो बंद झाला.